परका समुद्रकृमी : दोष कोणाचा?

'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' अशी आपल्याकडे म्हण आहे. पाहुण्याने किती दिवस राहावे याविषयी आपल्या पूर्वजांची मते किती स्पष्ट होती पाहा! पण न बोलावता आलेला एखादा पाहुणा चाळीस वर्षे झाली तरी हलत नसेल, उलट घरभर त्याचीच मुलेबाळे दिसू लागली असतील, तर यजमानांनी काय करावे? उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्राच्या काठी राहणाऱ्या लोकांपुढे असाच एक पाहुणा येऊन बसला आहे. तो आहे एक साधा कृमी. त्याचे नाव मॅरेन्झेलेरिया.

या कृमीची हकिकत मी एकदा काही विद्यार्थ्यांना सांगत होतो. सगळे ऐकून घेतल्यावर एकाने विचारले, "पण सर, शेवटी तो चांगला की वाईट?" प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र मला चटकन देता आले नाही. नंतर विचार करताना वाटले, की या प्रश्नातच काहीतरी चुकते आहे. काय चुकते आहे ते सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम पाहुण्याची ओळख करून घेऊ. आपले गांडूळ ज्या वलयी प्राण्यांच्या संघात मोडते, त्याच संघातला हा प्राणी. मात्र हा बहुशूकी वर्गातला, म्हणजे याच्या शरीराच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी राठ केसांचे झुबके असतात. लांबी फार तर दहा-पंधरा सेंटिमीटर, जाडी सुतळीएवढी. डोक्यावर मिशांसारखे दोन लांब स्पर्शक असतात. चिखलात उभे बीळ खणून हा राहतो आणि बिळाच्या तोंडाशी येऊन स्पर्शकांनी गाळावरचे अन्नकण गोळा करतो. त्याची पिल्ले, म्हणजे डिंभ, काही आठवडे पाण्यात तरंगत राहतात आणि मग तळाशी जाऊन बिळे करू लागतात. हे तरंगणे लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे.

या कृमीच्या काही जाती उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाड्यांमध्ये राहतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांपैकी एक युरोपात, उत्तर समुद्राला मिळणाऱ्या नद्यांच्या मुखांशी दिसू लागली. १९८५ साली मॅरेन्झेलेरिया जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर सापडला, आणि १९९० पर्यंत तो फिनलंडच्या किनाऱ्याला पोचला होता! आज बाल्टिकच्या बहुतेक सर्व भागांत तो आहे. काही ठिकाणी एका चौरस मीटर चिखलात हे कृमी हजारोंनी मोजले गेले आहेत.

आयते मोकळे घर

एवढ्या झपाट्याने तो पसरला कसा? याचे उत्तर निम्मे कृमीत आहे आणि निम्मे बाल्टिक समुद्रात. तुम्ही घरी एक प्रयोग करा. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे मीठ विरघळवा. समुद्राचे पाणी साधारण इतके खारट असते, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. आता दुसऱ्या एक लिटर पाण्यात चमचाभराहून थोडेसेच जास्त मीठ टाका. हे झाले मध्य बाल्टिकचे पाणी. त्यात लिटरला सात-आठ ग्रॅमच मीठ असते, आणि अगदी उत्तरेकडे त्याहूनही कमी. महाराष्ट्राहून मोठा असलेला हा समुद्र म्हणजे एक प्रचंड खाडीच आहे. असंख्य नद्या त्यात गोडे पाणी ओततात आणि डेन्मार्क व स्वीडन यांच्यामधल्या अरुंद वाटांनी महासागराचे खारे पाणी थोडे थोडे आत येते.

असे मचूळ पाणी फार थोड्या प्राण्यांना मानवते. अस्सल सागरी प्राण्याला ते फार अळणी, तर नदीतल्या प्राण्याला फार खारट. त्यातून आजच्या स्वरूपातला हा समुद्र अवघा काही हजार वर्षांचा आहे. म्हणून त्याच्या तळाशी प्राण्यांच्या जाती मोजक्याच, आणि त्याही बहुतेक चिखलाच्या वरच्या थरात वावरणाऱ्या. मॅरेन्झेलेरिया मात्र पस्तीस सेंटिमीटरपर्यंत खोल बीळ करू शकतो. म्हणजे त्याने कोणाच्या आयत्या बिळावर नागोबा होऊन कब्जा केला नाही. जे मजले रिकामे होते तेथे त्याने आपले घर स्वतः खणले. प्रौढ कृमी जवळजवळ गोड्या पाण्यातही तग धरतो. डिंभांची नीट वाढ व्हायला मात्र लिटरला पाचेक ग्रॅम तरी मीठ लागते. बाल्टिकच्या मोठ्या भागात तेवढे मीठ आहे, आणि पुढचे काम पाण्याचे प्रवाह करतात.

पण अमेरिकेतून युरोपपर्यंतचा अफाट महासागर त्याने कसा ओलांडला? खाडीतला प्राणी भर समुद्रातून पोहत येणे शक्य नाही. तो बहुधा जहाजातून आला. रिकामे जहाज समुद्रात फार डोलते, उलटण्याचाही धोका असतो. म्हणून माल नसला की जहाजाच्या पोटातल्या टाक्यांत बंदरातले पाणी भरून घेतात. त्याला बॅलास्ट पाणी म्हणतात. मोठ्या जहाजात हे पाणी हजारो टन असते. माल घ्यायच्या बंदरात पोचल्यावर ते बाहेर सोडतात. आता बंदरे कोठे असतात? बऱ्याचदा नदीच्या मुखाशी, खाडीत. म्हणजे एका खाडीतले पाणी, त्यातल्या तरंगत्या डिंभांसकट, उचलून हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या खाडीत ओतल्यासारखेच हे झाले. मधला खारा महासागर, जो एरव्ही भिंतीसारखा आडवा येतो, तो या प्रवाशांना लागतच नाही.

पाहुण्याची करणी

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. हा कृमी करतो तरी काय?

बाल्टिकचा मोठा आजार म्हणजे तळाशी प्राणवायू नसणे. तळाचे खारे, जड पाणी आणि वरचे हलके पाणी यांची सरमिसळ नीट होत नाही. त्यात काठच्या शेतांतली खते आणि शहरांचे सांडपाणी यांतून नायट्रोजन व फॉस्फरस समुद्रात येतात. त्यावर शैवाल माजते, मरते, तळाशी जाऊन कुजते, आणि कुजताना तेथला प्राणवायू संपवते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी बाल्टिकमध्ये अशी प्राणवायूची टंचाई असलेला तळ पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होता. अलीकडच्या काळात तो साठ हजारांच्या वर गेला आहे.

येथे रसायनशास्त्राचा एक धडा उपयोगी पडतो. गाळात लोह असते. प्राणवायू मिळाला की ते गंजासारख्या तपकिरी संयुगांच्या रूपात राहते आणि ही संयुगे फॉस्फेटला धरून ठेवतात. प्राणवायू संपला की ही संयुगे मोडतात, फॉस्फेट सुटून पाण्यात येते आणि शैवालाला पुन्हा खत मिळते. म्हणजे एकदा प्राणवायू संपला की आजार स्वतःच स्वतःला वाढवत राहतो.

मॅरेन्झेलेरिया खोल बिळे करतो आणि त्यांत वरचे पाणी खेळवतो. त्यामुळे प्राणवायू चिखलात खोलवर जातो, तपकिरी थर जाड होतो आणि जास्त फॉस्फेट तेथे अडकून राहू शकते. २०१२ साली योआना नोर्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापे व गणिती प्रतिकृती यांच्या साहाय्याने दाखवले, की दाट वस्ती असेल तर किनाऱ्याजवळच्या भागात हे कृमी प्राणवायूच्या टंचाईला आळा घालू शकतील. जो घुसखोर म्हणून बदनाम, तोच वैद्य निघाला! मात्र या संशोधकांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच एक प्रश्नचिन्ह ठेवले आहे, हे मला फार आवडले.

कारण नाण्याला दुसरी बाजू आहे. बाल्टिकच्या गाळात गेल्या शतकातल्या कारखान्यांची विषारी द्रव्ये पुरली गेली आहेत. पीसीबी या नावाने ओळखली जाणारी क्लोरीनयुक्त रसायने त्यांत आहेत. वर नवा गाळ साचत गेला की ही द्रव्ये खाली गाडली जातात आणि निदान वाटेतून दूर होतात. वरवरच वावरणारे जुने प्राणी त्यांना फारसा धक्का लावत नसत. खोल खणणारा हा कृमी मात्र ती उकरून काढतो. २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की मॅरेन्झेलेरिया असलेल्या गाळातून ही रसायने पाण्यात येण्याचे प्रमाण वाढते. शिवाय काही प्रयोगांत फॉस्फेट अडकण्याऐवजी निदान सुरुवातीला जास्तच बाहेर पडलेले आढळले. म्हणजे वैद्याने एका रोगावर औषध दिले आणि दुसऱ्या रोगाची जुनी जखम उघडली, असे हे झाले.

जुन्या रहिवाशांचे काय झाले? बाल्टिकच्या तळाशी मोनोपोरिया नावाचा एक लहान कवचधारी प्राणी फार मोठ्या संख्येने राहत असे. बोथनियाच्या आखातात त्याची संख्या या शतकाच्या आरंभी खूप घटली आणि मॅरेन्झेलेरिया वाढला. पाहणाऱ्याला वाटेल, नव्याने जुन्याला हाकलले. पण बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना तेथे दुसरेच कारण दिसले. नद्यांचे पाणी वाढून मोनोपोरियाचे अन्न आधीच कमी झाले होते. जागा रिकामी झाली, मग नवा भाडेकरू आला. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, आणि नेहमी बदनाम असलेलाच गुन्हेगार असतो असेही नाही. हा धडा समुद्राबाहेरही उपयोगी पडावा.

प्रश्न बदलायला हवा

म्हणून माझे पहिले मत असे, की 'चांगला की वाईट' हा प्रश्न प्राण्याला लावूच नये. मॅरेन्झेलेरिया अमेरिकेत जे करतो तेच बाल्टिकमध्ये करतो : खणतो, खातो, पिल्ले घालतो. एका ठिकाणी त्यातून फायदा होतो, दुसऱ्या ठिकाणी तोटा. ते तेथल्या गाळावर, प्राणवायूवर, पुरलेल्या विषांवर अवलंबून आहे. ती विषे कृमीने पुरली नाहीत, खतेही त्याने सोडली नाहीत. जहाजात तो स्वतःच्या मर्जीने चढला नाही. अशा वेळी त्याला 'आक्रमक', 'शत्रू' म्हणून मोकळे होणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

पण याचा उलटा अर्थ काढणारेही भेटतात. ते म्हणतात, "पाहा, एवढी ओरड केली आणि कृमी तर समुद्र सुधारतोय! मिरची, बटाटा, टोमॅटो हेही अमेरिकेतूनच आले ना? मिरचीशिवाय आपला ठेचा कसा झाला असता? मग प्राणी इकडचे तिकडे गेले तर बिघडले कोठे?"

हा युक्तिवाद वरवर गोड आहे, पण टिकणारा नाही. बटाटा माणसाने हाताने आणला, शेतात लावला. नको झाला तर पुढच्या वर्षी लावायचा नाही, एवढे केले की पुरे. लाखो डिंभ पाण्यात सोडणाऱ्या समुद्रकृमीला 'आता परत जा' असे कोण सांगणार? बाल्टिकमधून मॅरेन्झेलेरिया काढून टाकण्याचा उपाय आज कोणाजवळ नाही. जी गोष्ट परत फिरवता येत नाही, ती करण्यापूर्वी शंभरदा विचार करायला हवा. येथे तर कोणी एकदाही विचार केला नव्हता. एखाद्या मुलाने डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि तो सुखरूप पलीकडे पोचला, तर आपण त्याला शाबासकी देतो का? मॅरेन्झेलेरियाचे काही गुण निघाले, हा योगायोग आहे. पुढच्या जहाजातून कोण उतरेल ते कोणाला ठाऊक?

म्हणून माझे दुसरे मत : पाहुण्याला शिव्या देऊ नका, पण दार नीट लावा. यासाठी जगातील राष्ट्रांनी २००४ साली बॅलास्ट पाण्याविषयी एक करार केला. तो अमलात यायला सप्टेंबर २०१७ उजाडले. त्यातील नियमानुसार जहाजाने सोडलेल्या एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्यात, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असले पाहिजेत. त्यासाठी जहाजांवर पाणी गाळून, अतिनील किरणांनी किंवा रसायनांनी शुद्ध करण्याची यंत्रे बसवावी लागतात. बाल्टिकपुरते पाहिले तर हे 'बैल गेला अन् झोपा केला' असेच झाले. पण गोठ्यात अजून पुष्कळ बैल आहेत. आणि बॅलास्टचे दार लावले तरी खिडकी उघडी आहेच. जहाजाच्या तळाला चिकटून कितीतरी जीव प्रवास करतात. त्याविषयी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०११ साली निघाल्या, पण सूचना म्हणजे बंधन नव्हे.

आपल्या दारातले उदाहरण

हे सगळे दूरच्या थंड देशांचे, असे समजू नका. अमेरिकेच्या उष्ण भागातल्या किनाऱ्यांवरचा, मचूळ पाण्यात राहणारा एक लहान शिंपला, मायटिलॉप्सिस, १९६० च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या बंदरातही त्याची नोंद झाली. तो तेथे स्थिरावला आणि राहिला. हाच शिंपला १९९९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन येथे सापडला. तेथे बंदराची जीवपाहणी चालू होती, म्हणून तो लवकर नजरेस आला. ज्या धक्क्यांत तो होता त्यांना दरवाजे होते. ते बंद करून आत क्लोरीन व मोरचूद घातले आणि काही आठवड्यांत तो समूळ नाहीसा केला. अर्थात आतले इतर जीवही मेले. जीव तोच, पण एका ठिकाणी त्याने कायमचे घर केले आणि दुसरीकडे त्याला घालवता आले. फरक पडला तो वेळेवर दिसण्याने आणि बंद करता येणाऱ्या दरवाज्यांनी.

म्हणून माझे तिसरे मत, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : आपल्या चिखलात कोण राहते हे आपल्याला ठाऊक हवे. घरात कोण कोण आहे हेच माहीत नसेल तर नवा माणूस कोण ते कसे ओळखणार? २००० ते २००४ या काळात बॅलास्ट पाण्याविषयीच्या एका जागतिक प्रकल्पासाठी सहा देशांतली सहा बंदरे निवडली होती. मुंबई त्यांपैकी एक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या वेळी मुंबई बंदरातल्या जीवांची पाहणी केली. चांगले काम झाले. पण अशी पाहणी एकदा करून भागत नाही. पाळीव गुरांची गणना पुन्हा पुन्हा होते, मग खाडीतल्या जीवांची का होऊ नये?

आणि ओळखणे हे दिसते तितके सोपे नाही. मॅरेन्झेलेरियाचीच गोष्ट घ्या. बाल्टिकमधला कृमी ही एकच जात आहे असे बरीच वर्षे मानले जात होते. १९९० च्या दशकात विकरांच्या आणि जनुकांच्या तपासणीतून शंका आली. २००४ साली आंद्रेई सिकोर्स्की आणि आंद्रेआस बिक यांनी या कृमींची नव्याने छाननी करून एक जात वेगळी काढली. तिला त्यांनी नाव दिले नेग्लेक्टा, म्हणजे 'दुर्लक्षित'. पुढे स्पष्ट झाले की बाल्टिकमध्ये एक नव्हे, तीन जाती आहेत आणि त्यांपैकी एक उत्तर ध्रुवाकडच्या थंड पाण्यातली आहे. लक्षावधींच्या संख्येने डोळ्यांसमोर असलेला प्राणी वीस वर्षे दुर्लक्षित राहिला! तिन्ही जातींची खोदण्याची रीत व खोली सारखी नाही. मग आधीच्या प्रयोगांत नेमका कोणता कृमी होता, हा प्रश्न उभा राहिला. वर सांगितलेल्या उलटसुलट निष्कर्षांचे एक कारण हेही असू शकते.

जाती ओळखण्याचे शास्त्र, म्हणजे वर्गीकरणशास्त्र, आज अनेकांना जुनाट वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली कृमीचे केस मोजत बसण्यात कसली प्रगती, असे हुशार मुलेही म्हणतात. त्यांना मी या 'दुर्लक्षित' कृमीची गोष्ट सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कोकणात किंवा गोव्यात खाडीकाठी राहत असेल, तर ओहोटीच्या वेळी घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन काठावरचा चिखल काठीने उकरून पाहा. वरचा थर तपकिरी दिसेल, खालचा काळा, आणि काळ्याला कुजक्या अंड्यासारखा वास येईल. नीट पाहिलेत तर काळ्या चिखलातून खाली गेलेले एखादे बारीक बीळ दिसेल आणि त्याच्याभोवती तपकिरी कडे असेल. ते कडे म्हणजे प्राणवायूची खूण. कोण्या कृमीने तो तेथवर पोचवलेला असतो. बीळ किती खोल आहे, कोणत्या महिन्यात किती दिसली, ते वहीत लिहून ठेवा. तारीख आणि जागा लिहायला विसरू नका. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा पाहा. अशी वही आज क्षुल्लक वाटेल. पण बाल्टिकच्या काठी जुन्या नोंदी होत्या, म्हणूनच १९८५ साली सापडलेला कृमी नवा आहे हे समजले.

त्या विद्यार्थ्याला मी आज उत्तर देईन ते असे : बाळ, तो चांगलाही नाही आणि वाईटही नाही. तो कृमी आहे. चांगले-वाईट ठरायचे ते आपल्या वागण्याचे. आपण टाक्यांत काय भरून नेतो, नदीत काय सोडतो आणि आपल्या चिखलाकडे किती लक्ष देतो, यावरून ते ठरेल.